मी कासव, मृणा चित्ता

१७ जानेवारी, शुक्रवार

कासव! मला कासव ठरवलं!

आज सकाळी शेअर ब्रोकरच्या ऑफिसात गेले होते. आबांचं गोदाम दिवाळीत विकलं, त्यातला माझा वाटा तेव्हापासून बचत खात्यात पडून आहे. तो जरा कामाला लावावा म्हणून. तिथे मेघा नावाची मुलगी बसते. गोड आहे. गोड मुलींचा मला पहिल्यापासून संशय येतो. तिने टॅब माझ्या हातात दिला आणि म्हणाली, काकू, आधी तुमचा स्वभाव बघू या, मग पैसे कुठे लावायचे ते ठरवू.

अठरा प्रश्न. गाडी सुटायच्या किती वेळ आधी स्टेशनवर पोहोचता? हॉटेलात नवीन पदार्थ मागवता की नेहमीचाच? एखादा निर्णय घेतल्यावर त्याचा पुन्हा पुन्हा विचार करता का? बाजार वीस टक्के पडला तर काय कराल — विकाल, थांबाल, आणखी घ्याल? मी सगळं खरं लिहिलं. पाऊण तास आधी पोहोचते, हो. ती शिस्त झाली, भित्रेपणा नाही!

शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर एक हिरवं कासव हसत हसत आलं. खाली मजकूर — 'तुमचा स्वभाव सावध आहे. नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख तुम्हाला जास्त होतं.' चार प्राणी आहेत म्हणे. कासव, हत्ती, घोडा, चित्ता.

मी! जिने विमा ऑफिसात साहेबाला त्याच्याच केबिनमध्ये सांगितलं, आधी इंग्रजी सुधारा, मग मला मेमो द्या. जिने लग्न केलं नाही आणि का केलं नाही हे एकाही नातेवाइकाला सांगितलं नाही. जी अडुसष्टाव्या वर्षी एकटी राहते आणि दाराला साखळीसुद्धा लावत नाही.

मेघा म्हणाली, कासव चांगलंच असतं काकू, खूप जगतं.

१८ जानेवारी

राग गेलेला नाही. चहात दोनदा साखर घातली आणि तसाच प्यायले.

१९ जानेवारी, रविवार

मृणाचा फोन. माझी धाकटी बहीण मृणाली धुळ्याला देवपुरात मुलाकडे, हितेंद्रकडे, असते आणि दर रविवारी अकराला फोन करते. मी दोन वाक्यं सलग बोलले की ती 'हो अक्का' म्हणते. चौसष्ट वर्षांची झाली, तरी हेच.

गोदामातला निम्मा वाटा तिचा. तिलाही मेघाचा नंबर मीच दिला होता. तर आज बोलता बोलता कळलं की मेघाने महिन्यापूर्वीच तिच्याकडूनही तो फॉर्म भरून घेतलाय, फोनवर. म्हटलं, मग तू काय निघालीस?

ती हळूच म्हणाली, "चित्ता."

मी इतकी हसले की ठसका लागला. मृणा! जी रस्ता ओलांडताना अजून माझा पदर धरते. जिला हॉटेलात वेटरला हाक मारता येत नाही. तिचा नवरा पितांबर होता तेव्हा तिच्या साड्यासुद्धा तोच आणायचा, आणि बहुतेक उधारीच्या. ही चित्ता आणि मी कासव. आईला बंगाली नावांचं वेड, म्हणून आमची नावं अशी भारदस्त. मृणाली म्हणजे नाजूक काहीतरी, एवढं तरी त्या टॅबला कळायला हवं होतं.

हसून झाल्यावर मात्र काळजी वाटली. तिचे सगळे पैसे मेघाने चित्त्याच्या हिशेबाने लावलेत. छोट्या कंपन्या, वर-खाली उड्या मारणारे फंड. मृणाला पेन्शन नाही. पितांबरने मागे ठेवलं ते एक गंजलेलं सोड्याचं मशीन. या पैशांशिवाय तिचं स्वतःचं म्हणून जगात काही नाही. पुढेमागे त्यातून देवपुरातच दोन खोल्या घ्यायच्या म्हणते. हितेंद्रचं घर असताना खोल्या कशाला, विचारलं. "असंच," म्हणाली.

असंच! तिच्या आयुष्यात सगळं असंच.

२२ जानेवारी

मेघाकडे जाऊन सांगितलं, माझेही चित्त्यासारखेच लाव. ती म्हणाली, तुमच्या उत्तरांप्रमाणे ते बसत नाही, तुम्हाला त्रास होईल. म्हटलं, त्रास माझा आहे. शेवटी तिने लिहून घेतलं, 'सल्ला समजला असून निर्णय माझा स्वतःचा आहे.' खाली झोकात सही केली. आणि काकू नाही, मॅडम म्हणायचं, हेही सांगून आले.

२६ जानेवारी, रविवार

समोरच्या शाळेत झेंडावंदन. मुली पांढरे मोजे घालून रांगेत. माझे मोजे आठवले. सकाळी पांढरेशुभ्र, आणि दुपारी गोदामावरून येताना कापसाच्या धुळीने मळलेले. कॉन्व्हेंटमध्ये त्याबद्दल सिस्टर पट्टी मारायच्या. हात पुढे करताना मी त्यांच्या डोळ्यांत बघायचे. गोदामात जायचं मात्र सोडलं नाही.

आबा — आमचे वडील जीवराम — कापसाचे दलाल. हंगामात असोद्यापासून पाचोऱ्यापर्यंतच्या गाड्या गोदामासमोर लागायच्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज, ओल्या सरकीचा वास, आणि सगळीकडे उडणारा तो कापूस — नाकात, चहात, आबांच्या भुवयांवर. भाव तोंडाने बोलायची पद्धत नव्हती. विकणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात एका रुमालाखाली, आणि बोलायचं ते बोटांनी. एक बोट दाबलं की एक. चार धरली की चार. अख्खा पंजा धरला की पाच. भोवती वीस माणसं उभी, पण आत काय चाललंय ते दोघांनाच ठाऊक. चेहरे दोघांचेही अगदी कोरे. आबा म्हणायचे, चेहरा खोटं बोलतो, बोटंही बोलतात, पण तळहाताला ते जमत नाही. एखाद्याचा हात घामेजला की समजायचं, याला आज विकायचंच आहे. कुणाचा हात उगाच वळवळतो, कुणी सारखा काढून घेतो, पुन्हा घालतो. आबांना बोदवडपासून धुळ्यापर्यंतच्या माणसांचे स्वभाव हातांवरून पाठ होते. अठरा प्रश्न लागत नव्हते!

संध्याकाळी जेवणाआधी आबा आम्हा दोघींशी तोच खेळ खेळायचे. टॉवेलखाली. माल म्हणजे गोदामातल्या मांजरीची पिल्लं. आबा एक बोट दाबायचे. मी हात झटकून उभी राहायचे. एका रुपयात मांजर? आबा, लाज नाही वाटत? ते पोट धरून हसायचे. पुन्हा हात घातला की ते दोन बोटं दाबायचे आणि मी लगेच 'दिलं' म्हणायचे, त्यांनी विचार बदलायच्या आत.

मृणाचा हात मात्र टॉवेलखाली पडून असायचा. एक दाबा, दोन दाबा, ती आपली बघतेय समोर. मला भूक लागलेली, आई ताटं घेऊन उभी. मी चिडून तिचा हात ओढायला जायचे तर आबाच मला अडवायचे. तिला म्हणायचे, "हात नको काढू. आजून भाव व्हवाना शे." भाव अजून व्हायचाच आहे म्हटल्यावर ती हात नाहीच काढायची. शेवटी आबा हरल्यासारखे अख्खा पंजा धरायचे, तेव्हा कुठे ती मान हलवायची. मग आबा आईला सांगायचे, हिचा हात बघ, कायम थंडगार. मला तेव्हा वाटायचं, पोरीची तब्येत बरी नाही म्हणून सांगतायत.

बहात्तर साली कापसाची खरेदी सरकारने स्वतःकडे घेतली आणि रुमाल गेला. आबांनी तो घडी करून कपाटात ठेवला आणि गोदाम पेंडवाल्याला भाड्याने दिलं. त्यानंतर ते तसे हसलेले मला आठवत नाहीत.

कापसाचा तो वास या जन्मात पुन्हा यायचा नाही. जिथे गोदाम होतं तिथे आता मोबाइलचं दुकान होणार आहे.

३ फेब्रुवारी

थोडं वर! मेघाला फोन करून विचारलं, तुमचं कासव काय म्हणतंय. ती हसली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खाली. काल खाली, परवाही खाली. आज सोळा वेळा फोन बघितला. मोजले म्हणून कळलं. असोद्याची वांगी आणली होती भरितासाठी. ती गॅसवर भाजायला ठेवली आणि फोन बघत बसले. कोळसा झाला. चांगली हिरवी, बिनबियांची वांगी. फेकताना जीव तुटला. शेअरपेक्षा जास्त.

१६ फेब्रुवारी, रविवार

हितेंद्र आला होता. मृणाचा मुलगा. बापासारखा दारातूनच बोलत येतो. सोलर पंपांची एजन्सी घ्यायची म्हणतो. साक्रीकडे फार मागणी आहे, कंपनीचा माणूस रोज फोन करतो. पैसे कुठून आणणार, विचारलं.

"आईचे आहेत ना, मावशी. पण ती म्हणते, शेअर खाली आहेत, आत्ता काढले तर नुकसान, जरा थांब. आता किती थांबायचं, तुम्हीच सांगा."

बघा! अडकली ना मृणा! पोटच्या पोराला द्यायचे म्हटले तरी काढता येत नाहीत. याला म्हणतात चित्ता.

हितेंद्रला मात्र खडसावलं. म्हटलं, तुझ्या बापाने आधी सोड्याचा कारखाना काढला, मग दोन पॉवरलूम घेतले, मग टेम्पो. प्रत्येक वेळी 'या खेपेला नक्की'. तो हसून म्हणाला, बाबा चुकले नव्हते मावशी, लवकर जन्मले होते.

राग धरता येत नाही त्याच्यावर. पितांबरवर तरी कुठे धरता यायचा? कारखाना काढला तेव्हा धुळ्याहून मोटरसायकलवर सोड्याच्या बाटल्या घेऊन आला होता. गोटीच्या बाटल्या. सगळ्या गल्लीला फुकट. आबांनी एक बाटली घेतली, मग पितांबरचा हात हातात घेऊन नुसते धरून बसले. रुमाल नव्हता, काही नव्हतं. नंतर आईला म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे, पण याचा हात एका जागी राहत नाही. मृणा तेव्हा माजघरात बाटल्या विसळत होती. तिने ऐकलं असेल का?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विकले. सगळे.

सकाळपासून टीव्हीवर लाल आकडे. पावणेदोनला मेघाला फोन करून म्हटलं, काढ. ती म्हणाली, मॅडम, आज खूप पडलंय, दोन दिवस थांबा. मी ओरडले तिच्यावर. विकून झाल्याचा मेसेज आला आणि मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली.

ती 'काकू' म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

१ मार्च

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

शहाऐंशी साली ऑफिसातल्या सगळ्यांनी एका कंपनीच्या शेअरचे फॉर्म भरले. मीही आणला. सुवाच्य अक्षरात भरला, चेक लिहिला, टाचणी लावली आणि टेबलाच्या खणात ठेवला. शेवटची तारीख गेली. सगळ्यांना वाटलं की मी घेतले. मीही तसंच भासवलं. पुढे त्या पैशांत लोकांनी फ्लॅट घेतले, तेव्हा मी म्हणाले की मी आधीच विकून मोकळी झाले. चाळीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही.

मला लोकांशी भांडायची भीती वाटत नाही. साहेबांची वाटली नाही, सिस्टरांची नाही. पण पैसा हातातून सुटला की तळहाताला घाम येतो. ही दोन वेगळी भयं असतात, हे मला आत्ता अडुसष्टाव्या वर्षी त्या हिरव्या कासवाने सांगावं!

पेन्शनीची नोकरी, सरकारी क्वार्टर, मग स्वतःचा फ्लॅट. मी धाडस केलं ते जिभेने.

१६ मार्च, रविवार

मृणाला विचारलं, तुझे किती खाली गेले? तिने आकडा सांगितला. माझ्या दुप्पट! म्हटलं, तुला काही वाटत नाही? म्हणाली, वाटतं ना, पण रोज नाही बघत.

मग मी तिला धारेवर धरलं. तो फॉर्म कसा भरलास ते सांग. बाजार पडला तर काय कराल, याला तू काय लिहिलंस? 'काही नाही करणार.' गाडीच्या आधी किती वेळ? 'वेळेवर.' अगं, तू कधी एकटीने गाडी पकडली आहेस? कुणाला विचारून लिहिलीस ही उत्तरं? माझा आवाज चढला होता, मला कळत होतं.

मग ती म्हणाली, "तुझाच विचार केला, अक्का. अक्का काय म्हणेल, ते लिहीत गेले."

मला रडूच आलं. फोनवर तिला कळू दिलं नाही. लहानपणीही हेच. मी कॉन्व्हेंटात गेले. तिची वेळ आली त्या वर्षी आबांचा मोठा सौदा फसला होता, ती नगरपालिकेच्या शाळेत गेली. संध्याकाळी माझी इंग्रजी कविता माझ्या मागून म्हणायची, एका शब्दाचा अर्थ कळत नसताना, माझ्यासारखे हातवारे करून. तेव्हा मला तिचं हसू यायचं.

पण मग तिचे पैसे चुकीच्या जागी आहेत! चित्ता ती नाहीच. चित्ता म्हणजे तिच्या डोक्यातली मी. आणि मी किती चित्ता आहे, ते मला माहीत आहे.

३० मार्च, पाडवा

थोडे वर आलेत म्हणे. मृणाला सांगितलं, आता काढ. म्हणाली, बघते. ती 'बघते' म्हणाली की बघत नाही.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी टीव्ही लावला. बाजार नुसता कोसळला! जगभर. दहाची एसटी पकडून जळगावहून धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा, सगळ्या वाटेवर ऊन.

मृणा कुरडया वाळत घालत होती. गच्चीवर, एकटीच. मला बघून तिला आनंद झाला. तिला सांगायला गेले तर म्हणाली, आधी पाणी पी. मी पाणी प्यायले नाही. तिथेच गच्चीवर उभ्या उभ्या मेघाला फोन लावला आणि म्हटलं, मृणालीबाईंचे सगळे काढायचे. मेघाने मृणाशी बोलायला मागितलं. मृणा फोन कानाला लावून नुसती 'हं, हं' करत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजच काढायला पाहिजे का, अक्का? थोडं थांबलो तर?"

"थांबून काय होतं ते पितांबरला विचार," मी म्हणाले.

हे मी बोलायला नको होतं. मेसेजमध्ये आलेला सहा आकडी नंबर मेघाला सांगायचा होता. तो मृणाने एकेक आकडा करून सांगितला. हाताला कुरडयांचा चीक लागलेला होता, तो पदराला पुसत पुसत.

८ एप्रिल

रात्री मृणाकडेच राहिले. आज पैसे आल्याबरोबर तिला बँकेत नेऊन मुदत ठेव करून दिली. एक वर्ष. पावती तिच्या हातात दिली, हितेंद्रचं नाव वारस म्हणून घातलं. संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा त्यालाही सांगितलं की तुझ्या आईचे पैसे मी सुरक्षित आणून ठेवलेत, आता शेअर नाही आणि टांगती तलवार नाही. तो माझ्या पाया पडला. मृणा ताटं मांडत होती.

शेअरमध्ये जेवढे गेले ते गेले. उरले ते वाचवले.

९ एप्रिल

जळगाव. शांत झोप लागली. कितीतरी दिवसांनी.

२३ एप्रिल

बाजार वर. रोज वर. सात तारखेला काढले नसते तर मृणाचे बहुतेक भरून आले असते. मेघाने हे सांगितलं नाही, मीच हिशेब केला. मृणाने तर एका शब्दाने विचारलं नाही. दोन रविवार फोन आला, हवा-पाणी विचारलं आणि ठेवला.

अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला, येणार ना, विचारलं. "येईन की," म्हणाली.

३० एप्रिल, आखाजी

आई गेल्यापासून मृणाचं माहेर म्हणजे माझा हा दोन खोल्यांचा फ्लॅट. आखाजीला माहेरी यायचं, म्हणून ती येते. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, एकदाही चुकली नाही. मागच्या पटांगणात लिंबाला मुलींनी झोके बांधलेत. आम्हीही बांधायचो, गोदामाच्या दारातल्या झाडाला, कापसाच्या गासड्यांच्या दोरांचे. मी उभ्याने उंच झोका घ्यायचे आणि ती बसून. गाणी तिलाच सगळी येत.

हितेंद्र तिला गाडीने सोडायला आला. हातात पेढे. एजन्सी मिळाली! अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर पैसे भरले.

"कुठले पैसे?" मी विचारलं.

तो म्हणाला, आईनेच ठेव मोडून दिली. आणि वर — तुमच्यामुळे झालं, मावशी. तुम्ही काढायला लावले नसते तर ती शेअर-शेअरच करत बसली असती.

पेढा माझ्या हातात तसाच. तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. मृणा रसाला आंबे पिळत होती. मला ओरडायचं होतं. वेडी आहेस का, तुझ्या खोल्यांचं काय, एका महिन्यात ठेव मोडलीस? हे सगळं मी ओरडलेसुद्धा. तिने कोय बाजूला ठेवली, हात धुतले, पुसले. मग बोलली. इतकं सलग ती आयुष्यात माझ्याशी बोलली नसेल.

म्हणाली, पितांबरांबरोबर अडतीस वर्षं काढली, घरात पैसा दिसला की त्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. हितू वाईट नाही. मागतो तेव्हा इतका आनंदाने मागतो की नाही म्हणवत नाही. बापालाही कधी म्हणता आलं नाही.

"शेअर खाली गेले ना, की मला बरं वाटायचं अक्का. तो विचारायचा, मी सांगायची, आज पण खालीच शे. की तो गप. तोट्यातला पैसा कुणी मागत नाही. बँकेतला मागतात."

"आणि वर गेले असते म्हणजे?"

"तेव्हा म्हणणार होते, आणखी जातील, जरा थांब."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी आले होते ना तुझ्याकडे, त्याच दिवशी!"

"सांगणारच होते. तू तो मेसेजमधला नंबर मागत होतीस."

एका वर्षाने, म्हणजे हितूचा नाद उतरल्यावर, तिने खोल्या घेतल्या असत्या. खालच्या मजल्यावरच्या. बघूनही ठेवल्या होत्या. एकटीने राहून बघायचं होतं, म्हणाली. मी राहते तसं.

जेवणं झाली. रस फार गोड होता. आम्ही दोघींनी घागर भरून पूजा केली, आबांच्या आणि आईच्या नावाने. खाली मुली झोक्यावर गात होत्या. मृणा खिडकीशी उभी राहून त्यांच्याबरोबर गुणगुणत होती, एकेका ओळीत पोरी चुकत होत्या तिथे थांबत होती.

२ मे, शुक्रवार

मृणाला धुळ्याच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिने माझा हात धरला. तिचा हात थंड होता, या उन्हाळ्यात.

म्हणाली, "अक्का, एक सांगू? तो फॉर्म मी माझाच भरला होता. तू चिडली होतीस, म्हणून तुझं नाव घेतलं."